दोन नळ्या

एकाच फ्रीजमध्ये, एकाच रॅकवर
शेजारी शेजारी उभ्या होत्या दोन नळ्या.
एकीवर आकडा सहा, दुसरीवर एकाहत्तर.
नावं लिहायची नसतात आमच्याकडे,
पण अक्षर माझंच होतं
आणि दोन्ही नाकं माझ्या घरातली.

मार्चमधलं मातोझिन्योश. बंदरात बोटी नुसत्या डुलत होत्या,
तारल्यांचा लिलाव बंद.
चाळीस वर्षं ज्यानं घसा ताणून भाव पुकारले
तो आवेलिनो, माझा बाप,
सोफ्यावर नातीला मांडीवर घेऊन
कोबीचं सूप पीत होता, एकाच वाडग्यातून,
एकाच चमच्यानं.
मी ओरडले की दोघं मिळून मला हसत.

बेनेदिताला दीड दिवस शिंका.
दुसऱ्या संध्याकाळी ती त्याच सोफ्यावरून उड्या मारत होती.
बाबांना आठव्या दिवशी जिना चढवेना,
नवव्या दिवशी वाक्य पुरं होईना,
दहाव्या दिवशी त्यांना पालथं निजवून
एक यंत्र त्यांच्या वतीनं श्वास घेऊ लागलं.

मग ती रात्रपाळी. पडद्यावर दोघांच्या पेशी.
पोरीच्या नाकात जागले आधीच जागे,
कंदील पेटलेले, काठ्या हातात,
चोर वेशीवर पोचतो न पोचतो तोच आरोळी.
बाबांच्या नाकात सामसूम.
आरोळी उठली ती फार उशिरा, वरातीमागून घोडं,
आणि उठली ती थांबेचना.
चोर सोडून संन्याशाला फाशी:
फुफ्फुसाच्या ज्या भिंती राखायच्या
त्यांनाच लावली आग.

झुल्मिराबाई, आमच्या वरिष्ठ, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
हे एक कारण असेल.
छातीच्या हाडामागे नव्या शिपायांची शाळा असते,
सहाव्या वर्षी गजबजलेली,
एकाहत्तराव्या वर्षी बाकं रिकामी, वर्गात नुसती चरबी.
तेही असेल. रक्तवाहिन्यांचं अस्तर जुनं झालेलं, तेही असेल.
"असेल" त्या तीनदा म्हणाल्या.
त्यांच्यावर माझा भरवसा बसला तो तेवढ्यासाठीच.

मला आठवत राहिला शेंबूड.
बालवाडीतून दर महिन्याला घरी आलेला,
बाहीला पुसलेला, उशीवर वाळलेला,
ज्याच्यापायी मी सगळे हिवाळे पोरीला बोल लावले.
ती तालीम होती म्हणे.
कदाचित.

नियम सापडला, असं वाटतंय तोवर
तळमजल्यावरचा दुआर्ते, नऊ वर्षांचा,
ज्याला साधी शिंकही आली नव्हती,
महिन्याभरानं तापानं फणफणला.
डोळे लालभडक, बोटांची सालं निघालेली,
हृदय एखाद्या म्हाताऱ्यासारखं दमलेलं.
वाचला.
माझ्या वहीतला नियम मी खोडला
आणि पुन्हा लिहिला, या वेळी पेन्सिलीनं.

बाबा मे महिन्यात घरी आले.
अख्खं बंदर ऐकायचं तो आवाज
आता पाणी मागायलाही पुरत नाही.
बेनेदिता त्यांच्या ओठांपाशी कान नेते
आणि आम्हाला मोठ्यानं सांगते:
"आजोबा म्हणतात, मीठ कमी आहे!"
तारल्यांचा भाव पुकारावा, तसं.

काल भांडी विसळताना
माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,
"आई, तो मी आणला होता का?"

नळ्या मी वाचल्या होत्या. दोन्ही. कितीदा तरी.
कुणाच्या आत तो कसा वागला, ते त्या सांगतात.
कुणाकडून कुणाकडे गेला, ते नाही.

"नमुन्यावरून सांगता येत नाही,"
मी म्हटलं, अहवालात लिहितात तसं.

तिनं मान हलवली.
मग साबण घेतला
आणि सकाळपासून चौथ्यांदा हात धुतले,
कोपरापर्यंत, नखांच्या आतून,
मीच शिकवलं होतं
तसे.